लाँगशॉची मेंढरं

शेफील्ड सुटलं की थोड्याच वेळात गाडी टॉटलीच्या बोगद्यात शिरते आणि बराच वेळ बाहेरच येत नाही. १८९३मध्ये पुरा झालेला हा बोगदा साडेपाच किलोमीटरहून लांब आहे. खंडाळ्याच्या घाटात बोगदा संपतो, दरी दिसते, पोरं ओरडतात, तेवढ्यात पुढचा बोगदा येतो. इथे तसलं काही नाही, नुसता अंधार. तो संपतो तिथेच, बोगद्याच्या तोंडाशी, ग्रिंडलफर्डचं चिमुकलं स्टेशन आहे. एरवी इथे पाठीवर पिशव्या लावलेले भटके उतरतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला गुरुवार ते शनिवार असे तीन दिवस मात्र त्यांच्यात वेगळी माणसंही दिसतात. बगलेत घडीची खुर्ची, गळ्यात दुर्बीण, डब्यात सँडविच. ही मंडळी डोंगर चढून लाँगशॉला जातात आणि दिवसभर कुत्रे मेंढरं कशी वळतात ते बघत बसतात.

स्टेशनपासूनची वाट पॅडली गॉर्ज नावाच्या घळीतून वर जाते. ओकची जुनी, वाकडीतिकडी झाडं, शेवाळलेले धोंडे आणि खाली खळाळणारा बर्बेजचा ओढा. वाटेत आडव्या पडलेल्या एका ओंडक्यात येणाऱ्याजाणाऱ्यांनी दगडाने ठोकून इतकी नाणी रोवली आहेत, की लाकडाला माशाचे खवले फुटल्यासारखे वाटतात. नवस बोलायला देऊळच लागतं असं नाही, हे इंग्रजांनाही ठाऊक आहे तर! घळ संपते आणि आभाळ एकदम मोकळं होतं. समोर माळ, त्यावर हीदरच्या झुडपांचा उतरणीला लागलेला जांभळा रंग, आणि पलीकडे हिगर टॉरचे काळे कातळ.

लाँगशॉ ही मूळची ड्यूक ऑफ रटलंड यांची शिकारीची जागा. पहिल्या महायुद्धात इथल्या वाड्यात जखमी सैनिक बरे होण्यासाठी आणून ठेवले होते. पुढे ड्यूकने जमीन विकायला काढली, तेव्हा शेफील्डच्या लोकांनी वर्गणी गोळा करून हा भाग वाचवला आणि १९३१मध्ये नॅशनल ट्रस्टच्या हवाली केला. भोवतालचा पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान व्हायला त्यानंतर आणखी वीस वर्षं लागली. मेंढपाळी कुत्र्यांच्या ट्रायल या सगळ्याच्या आधीपासूनच्या, १८९८पासूनच्या. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या ट्रायलमध्ये त्यांची गणना होते.

नवख्या माणसाला पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. दोरी बांधून अडवलेलं मोठं कुरण असतं. अलीकडे एक खुंटा, त्याच्याजवळ हातात काठी घेतलेला एक माणूस, पायाशी काळंपांढरं कुत्रं. लाऊडस्पीकरवरून एक नाव आणि एक क्रमांक सांगितला जातो. मग कुत्रं नाहीसं होतं. प्रेक्षक मान वर करून कुठेतरी लांब बघत असतात, पण तिथे तर नुसतं गवत. शेजारचे आजोबा दुर्बीण पुढे करतात आणि बोटाने उताराच्या वरच्या टोकाशी असलेले पांढरे ठिपके दाखवतात. ती मेंढरं. आणि त्यांच्या डावीकडून पोट जमिनीला लावल्यासारखी जी काळी रेघ सरकते आहे, तो आत्ता इथे पायाशी बसलेला कुत्रा.

इथून पुढे मात्र नजर हलत नाही.

कुत्र्याने सरळ मेंढरांकडे धावायचं नसतं. मोठा वळसा घालून, त्यांना बुजवू न देता, त्यांच्या पाठीमागे पोचायचं. या वळशाला ‘आउटरन’ म्हणतात आणि त्याला १०० पैकी २० गुण असतात. वरून पाहिलं तर त्याचा आकार पेअर फळासारखा दिसावा, अशी अपेक्षा: मालकाजवळ निमुळता, मेंढरांजवळ रुंद. पाठीमागे पोचल्यावर येतो ‘लिफ्ट’, म्हणजे कुत्र्याने पहिलं पाऊल पुढे टाकायचं आणि मेंढरांनी जागेवरून हलायचं तो क्षण. गुण फक्त १०. जाणकार मात्र याच क्षणी श्वास धरतात. कुत्र्याची आणि मेंढरांची ही पहिली गाठ. तो अंगावर आला असं त्यांना वाटलं तर ती उधळतात. तो कचरतो आहे असं वाटलं तर एखादी मेंढी पाय आपटून समोर उभी ठाकते. दोन्हीच्या मधली वाट कुत्र्याला सापडली, की मेंढरं मान वळवून, जणू स्वतःच्याच मनाने, उतरायला लागतात. पुढचं सगळं या ओळखीवर चालतं.

मग मेंढरं सरळ रेषेत मालकाकडे आणायची, वाटेतल्या दोन फाटकांच्या मधून. त्याचे २० गुण. खुंट्याला वळसा घालून ती पुन्हा मालकापासून दूर न्यायची, आणखी दोन फाटकांतून, त्याचे ३०. हा भाग कुत्र्याच्या स्वभावाविरुद्ध जातो. मालकाकडे शिकार आणून देणं त्याच्या रक्तात आहे, मालकापासून दूर नेणं त्याला शिकवावं लागतं, आणि त्यात महिनोन्महिने जातात. शेवटी एका वर्तुळात मेंढरांची फूट पाडून त्यातली ठरलेली बाजूला काढायची आणि लाकडी कोंडवाड्यात सगळी घालायची. प्रत्येकी १० गुण. परीक्षक गुण देत नाहीत, कापतात. सुरुवातीला प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण गुण असतात आणि मेंढरं वाटेवरून जरा ढळली, कुत्रा नको तिथे थांबला, हुकूम दोनदा द्यावा लागला, की ते गळत जातात. कुत्र्याने उगाच दात लावला तर खेळ तिथेच संपतो. राष्ट्रीय पातळीवर पाच मेंढरं आणि पंधरा मिनिटं मिळतात. गावोगावच्या खुल्या ट्रायलमध्ये दोन्ही थोडं कमीच.

या सगळ्यात माणूस काय करतो? बहुतेक वेळ उभा राहतो. मेंढरं दूर नेऊन होईपर्यंत त्याला खुंटा सोडता येत नाही. त्याच्या तोंडात पत्र्याची किंवा प्लास्टिकची, अर्धी दुमडलेली चपटी शिट्टी असते. तिचा आवाज वाऱ्यातही अर्धा मैल पोचतो. ‘कम बाय’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फीर, ‘अवे’ म्हणजे उलट दिशेने. ‘वॉक अप’ म्हणजे पुढे हो, ‘लाय डाउन’ म्हणजे बस. प्रत्येक हुकमाची वेगळी शिट्टी, आणि प्रत्येक माणसाच्या शिट्ट्या वेगळ्या. शेवटचा हुकूम ‘दॅट्ल डू’, म्हणजे बास आता, ये. तो ऐकताच मेंढरांवर खिळलेले डोळे सुटतात आणि इतका वेळ शिपायासारखं वागलेलं जनावर शेपटी हलवत मालकाच्या पायाशी येऊन बसतं. दिवसभर बघत बसलं की एक गोष्ट ध्यानात येते. चांगला मेंढपाळ कमी शिट्ट्या वाजवतो. जो सारखी वाजवतो, त्याच्या कुत्र्याला विचार करायला फुरसतच मिळत नाही.

एका शुक्रवारी दुपारी एका म्हाताऱ्या मेंढपाळाची बारी आली. त्याची कुत्री सुरेख पळाली, मेंढरं अलगद उचलली, फाटकं पार झाली. कोंडवाड्यापाशी सगळं अडलं. माणसाच्या एका हातात फाटकाची दोरी, दुसऱ्यात आडवी धरलेली काठी, पलीकडे कुत्री जमिनीला चिकटलेली, मध्ये मेंढरं. त्यातली एक, तोंडावर काळा डाग असलेली, फाटकाच्या आत बघे आणि पुन्हा बाहेर बघे. कुणी हलेना. पाच-सहाशे माणसं बसलेल्या त्या माळावर फक्त वारा ऐकू येत होता. माणूस काहीच बोलला नाही. कुत्रीने आपणहून पुढचा एक पंजा, अगदी वितभर, पुढे टाकला. काळ्या तोंडाची मेंढी वळली आणि आत शिरली, तिच्यामागून बाकीच्या. फाटक लागलं आणि मगच टाळ्या पडल्या. त्याआधी टाळी वाजवणं हे इथे गाण्याच्या मैफलीत समेआधी दाद देण्यासारखं आहे.

या खेळाची सुरुवात लाँगशॉची नाही. ब्रिटनमधली पहिली नोंदलेली ट्रायल ९ ऑक्टोबर १८७३ची, वेल्समधल्या बाला गावाजवळची. रिवलास इस्टेटीचे मालक रिचर्ड जॉन लॉइड प्राइस यांनी ती भरवली. दहा कुत्रे आले, बघायला तीनशेच्या आसपास लोक जमले. ती ट्रायल वेल्सच्या मातीतली, पण बक्षीस गेलं तिथे येऊन राहिलेल्या थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाला आणि त्याच्या ‘ट्वीड’ या छोट्या कुत्र्याला. प्राइस हा माणूस उपद्व्यापीच होता. बालाजवळच्या फ्रोंगॉखला त्याने वेल्श व्हिस्कीचा कारखाना काढला. तो बुडाला, आणि त्याच जागेत पहिल्या महायुद्धात आधी जर्मन युद्धकैदी आणि १९१६च्या ईस्टर उठावानंतर मायकेल कॉलिन्ससह शेकडो आयरिश बंडखोर डांबले गेले. व्हिस्की गेली, ट्रायल राहिली. २००२मध्ये पहिली जागतिक ट्रायल भरवायची ठरली, तेव्हा जागा बालाच निवडली गेली, आणि या वेळी बक्षीस वेल्सच्याच ॲलेड ओवेन यांच्या ‘बॉब’ने नेलं. २०१७मध्ये मान नॉर्वेच्या जारान क्नीव्हे यांच्याकडे गेला. ज्या देशात हा खेळ रुजला त्याचीच त्यात कायम सरशी होत नाही, हे क्रिकेट बघणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

ट्रायलमध्ये दिसणारे बहुतेक सगळे कुत्रे बॉर्डर कॉली जातीचे असतात, आणि त्यांच्यापैकी जवळपास प्रत्येकाची वंशावळ मागे जाता जाता एकाच कुत्र्यापाशी येते. त्याचं नाव ‘ओल्ड हेम्प’. १८९३मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्या घरी तो जन्मला. बाप मोकळ्या स्वभावाचा आणि नजरेचा कच्चा, आई लाजाळू पण नजरेची करडी. पोरात दोन्हींचा समतोल आला. त्या काळचे मेंढपाळी कुत्रे भुंकून, धावून, प्रसंगी चावून मेंढरं हलवत. हेम्प गप्प राहून नुसतं बघत असे. आठ वर्षांच्या आयुष्यात तो दोनशेहून अधिक पिल्लांचा बाप झाला, आणि त्याची ती गप्प शैलीच पुढे जातीचं लक्षण ठरली. १९०६मध्ये स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टनला इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. ‘बॉर्डर कॉली’ हे नाव त्यानंतर, १९१५मध्ये, सोसायटीचे सचिव जेम्स रीड यांनी रूढ केलं. बॉर्डर म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंडची सरहद्द.

या बघण्यालाच मेंढपाळ ‘आय’ म्हणतात. ‘हिला आय आहे’ असं म्हटलं की त्यात सगळं आलं. मान खाली, खांदे वर, पाय जमिनीवर मोजून ठेवलेले, आणि डोळे मेंढरावर रोखलेले. हे कुणी शिकवलेलं नसतं. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू कोंबड्यांसमोरही तसंच थबकतं. लांडगा शिकारीला निघतो तेव्हा आधी हेरतो, मग दबकत जातो, मग पाठलाग, मग पकड, मग ठार मारणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून यातल्या पहिल्या पायऱ्या ठळक केल्या आणि शेवटच्या पुसत आणल्या. मेंढराला मात्र ती पुसलेली पायरी दिसत नाही. त्याला समोर लांडगाच दिसतो. लाँगशॉच्या माळावर जे चालतं ती म्हणजे अर्ध्यावर थांबवलेली शिकार आहे, आणि ती अर्ध्यावर थांबते यातच तिची सगळी शोभा आहे.

इथे आपल्याकडचा धनगर आठवल्याशिवाय राहत नाही. दिवाळी झाली की नगर-सोलापूरकडचे धनगरांचे तांडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात. त्यांच्याबरोबर कुत्रीही असतात, पण त्यांचं काम निराळं. दख्खनी मेंढरं वळवतो तो मेंढका स्वतः, तोंडाने आवाज काढत, काठी फिरवत. कुत्र्याने राखण करायची, विशेषतः रात्री, जेव्हा कुणाच्या तरी रिकाम्या शेतात मेंढरं बसवलेली असतात आणि माळावर लांडगा फिरत असतो. ब्रिटनमधला लांडगा काही शतकांपूर्वीच संपला, त्यामुळे तिथल्या कुत्र्याला राखणीचं काम उरलं नाही आणि तो मेंढरं वळणारा झाला. महाराष्ट्राच्या माळांवर लांडगा अजून आहे, म्हणून धनगराचा कुत्रा लांडग्याशी भांडतो. ब्रिटनच्या कुत्र्याने लांडगा स्वतःच्या डोळ्यात सांभाळून ठेवला आहे. एकाच जनावराची ही दोन शिक्षणं. त्यातलं कुठलं अवघड, हा प्रश्न लाँगशॉच्या दोरीशी उभं राहून सुटत नाही; रात्रीच्या अंधारात लांडग्यासमोर उभं राहणाऱ्याला कुणी गुण देत नाही, एवढं मात्र खरं.

मेंढरांना मूर्ख समजण्याची चूक कुणीही ट्रायल पाहिलेला माणूस पुन्हा करत नाही. धोका दिसला की प्रत्येक मेंढी दुसऱ्यांच्या मधोमध घुसू बघते, म्हणजे कडेला कुणीतरी दुसरी राहील. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१मध्ये याला स्वार्थी कळपाची भूमिती म्हटलं होतं. पुढे मेंढरांच्या आणि कुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून संशोधकांनी ते प्रत्यक्ष मोजलं. २०१४मध्ये स्वीडनमधल्या उप्साला आणि वेल्समधल्या स्वान्सी इथल्या संशोधकांनी त्यावरून कुत्र्याचं डोकं अवघ्या दोन नियमांत मांडून दाखवलं: मेंढरं पांगली असतील तर गोळा कर, गोळा झाली असतील तर पुढे ढकल. मोठ्या कळपाला हे लागू पडतं. ट्रायलमध्ये मात्र चारपाचच मेंढरं असतात, आणि चारपाच मेंढरांचा कळप म्हणजे कळपच नव्हे. मध्यभागच नसतो, सगळ्याच कडेला. म्हणून ती बिथरतात, म्हणून ती अवघड, आणि म्हणूनच आयोजक तेवढीच देतात.

नशिबाचा भागही मोठा आहे. प्रत्येक बारीला नवी मेंढरं सोडतात. एखाद्याच्या वाट्याला गरीब गाईसारखी मेंढरं येतात, एखाद्याला एक आडदांड मेंढी अशी भेटते की चारचौघांत अब्रू जावी. त्याच शुक्रवारी एका तरुणाच्या कुत्र्याला तशीच भेटली. दुसऱ्या फाटकाशी तिने वळून कुत्र्यावरच चाल केली, बाकीच्या तिघी दगडी कुंपणाच्या दिशेने पसार झाल्या. तरुणाने परीक्षकांच्या गाडीकडे बघून टोपी उचलली. इथल्या भाषेत त्याचा अर्थ ‘मी थांबतो’. कुत्र्याला मात्र त्याने जवळ बोलावून मानेवर थोपटलं. परीक्षक काटेकोरपणे न्याय करतात, पण मेंढरांची चूक कुणाच्या खात्यात घालावी हे त्यांनाही जमत नाही. तक्रार कुणी करत नाही, निदान चहाच्या तंबूपर्यंत तरी नाही.

सर्वांत मोठी परीक्षा इथे नसते. इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीच्या ‘इंटरनॅशनल’ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत वीस मेंढरं, दहा-दहाच्या दोन टोळ्यांत, दोन वेगवेगळ्या ठिकाणी सोडलेली असतात. पहिली टोळी अर्ध्या वाटेवर आणली, की कुत्र्याला पाठ फिरवून दुसरी शोधायला पाठवायचं, तेही दुसरी टोळी त्याच्या नजरेस पडलेली नसताना. दोन्ही एकत्र झाली की त्या विसांतून गळ्यात पट्टा बांधलेली पाच वेगळी काढून कोंडायची. अर्ध्या तासात. स्कॉटलंडचे जे. एम. विल्सन यांनी १९२८ ते १९५५ या काळात ही स्पर्धा नऊ वेळा जिंकली, त्यातल्या तीन वेळा ‘रॉय’ या एकाच कुत्र्याबरोबर.

शहरी ब्रिटनला हा खेळ कळला तो दूरदर्शनमुळे. बीबीसीने १९७६मध्ये ‘वन मॅन अँड हिज डॉग’ सुरू केलं. सूत्रसंचालक फिल ड्रॅबल, आणि पडद्यावर एक माणूस, एक कुत्रा आणि काही मेंढरं. एवढ्या संथ कार्यक्रमाला १९८०च्या दशकात ऐंशी लाखांपर्यंत प्रेक्षक मिळत होते. नावात ‘मॅन’ असूनही १९९०मध्ये केटी क्रॉपर आणि तिचा ‘ट्रिम’ जिंकले. १९९९मध्ये मालिका बंद झाली तेव्हा लोकांनी बीबीसीकडे तक्रारी केल्या. पुढे काही वर्षं ती ‘कंट्रीफाइल’ या कार्यक्रमाचा एक भाग म्हणून वर्षातून एकदा दिसत असे. दरम्यान कुत्र्यांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या आहेत. २०२१च्या फेब्रुवारीत वेल्समधल्या डॉल्गेलायच्या लिलावात ‘किम’ नावाची एक वर्षाची कुत्री २७,१०० पौंडांना विकली गेली. हौस म्हणून कुणी एवढे मोजत नाही. डोंगरावर एक चांगला कुत्रा दोन-तीन माणसांचं काम करतो, पगार मागत नाही, आणि पावसात कुरकुरत नाही.

चारनंतर ऊन कलतं आणि माळावर गारवा उतरतो. अजून काही बाऱ्या बाकी असतात, पण स्टेशनपर्यंत चालत जायचं असलेले लोक उठायला लागतात. तंबूपाशी सकाळचे कुत्रे गाड्यांच्या मागच्या भागात गवताच्या गादीवर झोपलेले दिसतात. एखाद्याचे पाय झोपेतही हलत असतात.

लाँगशॉला जायचं झालं तर ग्रिंडलफर्ड स्टेशनवरून घळीतून चढत साधारण पाऊण तास धरावा. बूट चांगले हवेत, कारण ओढ्याकाठचे दगड निसरडे आहेत. बसायला काहीतरी, दुर्बीण आणि पावसाचं जाकीट न विसरता घ्यावं. आभाळ निळं आहे म्हणून जाकीट घरी ठेवणारा माणूस इथे नवखा ठरतो. कोंडवाड्याचं फाटक बंद होईपर्यंत टाळ्या नकोत. आणि स्वतःचा कुत्रा बरोबर असेल, तो घरात कितीही शहाण्यासारखा वागत असला तरी, त्याला साखळीलाच ठेवा. मेंढरांच्या मागे लागलेल्या कुत्र्याचा मालक इंग्लंड-वेल्समध्ये १९५३च्या कायद्याखाली गुन्हेगार ठरतो.